फुटपाथच्या कडेचं गवत नक्की कोणाचं? मेटल डिटेक्टर, कुत्र्याची तार आणि ओहायोतलं एक प्रकरण

क्लीव्हलंडच्या पूर्वेला १९२०च्या दशकात वसलेलं एक उपनगर. विटांची घरं, दोन्ही बाजूंना फुटपाथ, फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये गवताचा पट्टा. तिथे राहणारा आमचा एक मराठी मित्र जेवण झालं की जमिनीतली जुनी नाणी शोधायला मेटल डिटेक्टर घेऊन बाहेर पडायचा. स्वतःचं आवार त्याने आधीच पिंजून काढलं होतं, म्हणून मोर्चा फुटपाथच्या कडेला वळला. एका संध्याकाळी चार घरं पलीकडे त्याने खुरपं घातलं आणि जमिनीखालून गेलेली एक तार तोडली. ती तार त्या घरातल्या कुत्र्याच्या अदृश्य कुंपणाची होती: कुत्रा तारेजवळ आला की गळ्यातला पट्टा त्याला इशारा देतो आणि तो मागे फिरतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच रस्त्यावर दिसला, तेव्हा घरमालकीणबाईंनी पोलिसांना फोन केला.

कोणाला दंड झाला नाही, कोणी कोर्टात गेलं नाही. तरी हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण त्यातला प्रत्येक जण आपण आपल्या हद्दीत आहोत अशा खात्रीने वागत होता, आणि नकाशा काढून पाहिल्यावर कोणाचीच खात्री टिकली नाही. मी रस्त्यांच्या आखणीच्या कामात असल्यामुळे मित्राचा पहिला फोन मला आला. गावाचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

ती जागा

फुटपाथ आणि रस्त्याची कड यांच्यामधल्या पट्ट्याला क्लीव्हलंडकडे ‘ट्री लॉन’ म्हणतात. तासाभराच्या अंतरावरच्या ॲक्रनमध्ये तोच ‘डेव्हिल स्ट्रिप’ होतो, शिकागोत ‘पार्कवे’, मिनेसोटात ‘बुलेव्हार्ड’. डिटेक्टरवाल्यांचा या पट्ट्यावर डोळा असण्याचं कारण साधं आहे. शंभर वर्षं लोक इथेच गाडीतून उतरले, इथेच ट्रॅमची वाट पाहत उभे राहिले (क्लीव्हलंडची शेवटची ट्रॅम जानेवारी १९५४ मध्ये धावली), इथेच खिशातून किल्ल्या काढल्या आणि त्यांच्याबरोबर नाणी पडली. अमेरिकन डाइममध्ये, म्हणजे दहा सेंटच्या नाण्यात, १९६४ पर्यंत नव्वद टक्के चांदी असे. त्यातही १९१६ ते १९४५ या काळातल्या ‘मर्क्युरी’ डाइमवर या छंदातल्या माणसाचा विशेष जीव असतो. फुटपाथच्या लादीवर गवत सरकून आलेलं असतं ती कड तर खासच, कारण पडलेलं नाणं त्या गवताखाली झाकलं जातं आणि शंभर वर्षं कोणी तिथे खणत नाही.

बाकी जे निघतं ते म्हणजे डब्यांच्या जुन्या कड्या, बाटल्यांची बुचं, खिळे आणि १९८२ नंतरचे जस्ताचे सडके सेंट. हे प्रमाण कोणी सांगत नाही.

ट्री लॉनवरचं गवत घरमालकाने कापायचं, फुटपाथवरचं बर्फ त्यानेच लोटायचं. ओहायोत लादी उचकटली तर शहर नोटीस पाठवून दुरुस्तीचा खर्चही शेजारच्या घरमालकावर टाकू शकतं. एवढं सगळं केल्यावर ती जागा आपली वाटली तर त्यात नवल नाही. पण ओहायोतल्या शहरांमध्ये, नोंदवलेल्या प्लॅटवर (वसाहतीच्या भूखंडांच्या अधिकृत नकाशावर) जी जमीन रस्ता म्हणून दाखवली जाते तिची मालकी शहराकडे जाते. इतर बऱ्याच राज्यांत उलटं आहे: रस्त्याच्या मध्यापर्यंत जमीन घरमालकाचीच, शहराला फक्त वहिवाटीचा हक्क. म्हणजे ‘फुटपाथ सार्वजनिक आहे’ हे एकच वाक्य दोन राज्यांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतं. छंदाच्या व्हिडिओंमध्ये हा फरक कोणी उच्चारत नाही, आणि माझ्या मते निम्मी भांडणं त्यातूनच होतात.

त्या संध्याकाळी

ट्री लॉनवर मित्राला मागच्या बाजूला गव्हाच्या ओंब्या कोरलेले काही जुने सेंट मिळाले होते (हे १९०९ ते १९५८ दरम्यानचे). मग तो फुटपाथच्या आतल्या, घराकडच्या कडेला वळला. तिथे मशीन सारखं कुरकुरायला लागलं. कॉइल (मशीनच्या टोकाची चकती) हलवला तरी कुरकुर, स्थिर धरला तरी कुरकुर. कुत्र्याच्या कुंपणाची तार सतत रेडिओ सिग्नल सोडत असते आणि डिटेक्टर तो पकडतो. छंदात मुरलेला माणूस ही कुरकुर ऐकली की बाजूला होतो. याने संवेदनशीलता खाली आणली, कुरकुर कमी झाली, आणि त्यातून एक स्वच्छ आवाज उमटला. खुरपं आत गेलं. नाणं निघालं ते १९७०च्या दशकातलं, चांदी नसलेलं. तार तुटल्याचं त्याला कळलंही नाही. ही तार दोन-तीन इंचांवर असते आणि जाड मुळापेक्षा सहज तुटते.

तार तुटली की गॅरेजमधला ट्रान्समीटर बोंबलतो. पण त्या वेळी गॅरेजच्या जवळपास कोणी नव्हतं. कुत्रा रात्री खारीमागे रस्ता ओलांडून गेला आणि शेजाऱ्याने त्याला धरून आणलं. सकाळी बाईंना फुटपाथच्या कडेला गवताची एक गोल चकती दिसली. जुलै महिना, पाऊस नाही. चकती एका रात्रीत पिवळी पडली होती. तिच्याशेजारी तारेचं टोक वर आलेलं.

संध्याकाळी आलेल्या पोलीस अधिकाऱ्याला नियम माहीत नव्हता, आणि त्याने तसं स्पष्ट सांगितलं. तो एवढंच म्हणाला, ‘सिटी हॉलमध्ये विचारा, आणि तोवर खणू नका.’ माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात शहाणा माणूस.

‘सार्वजनिक आहे’ म्हणजे काय

मित्राचं म्हणणं असं होतं की फुटपाथ सार्वजनिक, मी करदाता, आणि १९३९ च्या ‘हेग’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रस्ते आणि बागा लोकांसाठी विश्वस्ताच्या नात्याने राखलेल्या आहेत असं म्हटलेलं आहे. म्हटलेलं आहे हे खरं. पण तो विषय सभा घेण्याचा, बोलण्याचा, पत्रकं वाटण्याचा होता. रस्त्यावर उभं राहून भाषण करण्याच्या हक्कातून त्याच रस्त्याची माती उकरण्याचा हक्क निघत नाही.

दुसऱ्या बाजूने बाईंच्या मुलाने फोनवर ‘पुरातत्त्व कायद्याने हा गुन्हा आहे’ असं ठणकावलं. तेही चुकीचं. १९७९ चा तो कायदा केंद्र सरकारच्या आणि आदिवासी जमातींच्या जमिनींपुरता आहे. इथून दक्षिणेला कायाहोगा व्हॅली राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे मात्र डिटेक्टर वापरणं तर सोडाच, तो वापरण्याजोग्या अवस्थेत जवळ बाळगणंही नियमाबाहेर आहे. गावच्या फुटपाथला ते लागू नाही.

मग मी जुना प्लॅट काढला. रस्त्यासाठी राखलेली रुंदी साठ फूट. प्रत्यक्ष डांबरी रस्ता अठ्ठावीस. उरलेल्या बत्तीस फुटांतले सोळा या बाजूला: अर्धा फूट कड, साडेनऊ फूट ट्री लॉन, पाच फूट फुटपाथ, आणि फुटपाथच्या आत, घराच्या बाजूला, आणखी एक फूट. तो एक फूट कोणाच्याच लक्षात नसतो. लोकांना वाटतं फुटपाथ संपला की आपलं आवार सुरू. शहराची हद्द बऱ्याचदा त्याच्या थोडी आतपर्यंत येते. मित्राचा खड्डा त्या एका फुटात होता. बाईंची तारही त्याच एका फुटात.

म्हणजे बाईंनी शहराच्या जागेत परवानगीशिवाय तार पुरली होती आणि मित्राने शहराच्या जागेत परवानगीशिवाय खणलं होतं. मित्राला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा खुलला. मी त्याला म्हटलं, ‘अरे, हे तिच्यासमोर बोलायचं नाही. तिची तार तिथे असायला नको होती म्हणून तुझं खुरपं तिथे असायला हवं होतं असं होत नाही.’ वहिनींनी त्याला याहून कमी शब्दांत समज दिली, ती इथे लिहीत नाही.

सिटी हॉलला नेमकं काय विचारायचं

मित्राने परवानगी विचारलीच नव्हती असं नाही. वसंतात त्याने सिटी हॉलच्या मुख्य नंबरवर फोन करून विचारलं होतं, ‘आपल्या गावात मेटल डिटेक्टिंग कायदेशीर आहे का?’ फोनवरची व्यक्ती म्हणाली, विरोधात काही नियम असल्याचं मला तरी माहीत नाही. ते त्याने परवानगी म्हणून धरलं.

बहुतेक गावांच्या नियमावलीत मेटल डिटेक्टर हा शब्दच नसतो, म्हणून त्या शब्दाने शोधलं तर काही सापडणार नाही. सापडतं ते ‘सार्वजनिक मार्गात खोदकाम’ आणि ‘रस्त्याकडेची झाडं’ या प्रकरणांत. मशीन फिरवणं ही एक कृती, माती उघडणं ही दुसरी, आणि नियम जवळजवळ नेहमी दुसरीवर असतो. प्रश्न जावा तो सर्व्हिस डिपार्टमेंटकडे, जे फुटपाथ, झाडं आणि गटारं बघतं. पोलीस किंवा स्वागतकक्ष यांच्याकडे त्याचं उत्तर नसतं.

या छंदात एक मोठा गट म्हणतो, ‘विचारू नका, विचारलं की नाही म्हणतात.’ हे पूर्ण खोटं नाही. मोघम प्रश्न आला की कारकुनासाठी ‘नाही’ हे सर्वांत सुरक्षित उत्तर असतं. शिवाय फार प्रश्न आले की शहर सरसकट बंदीचा ठराव करेल ही भीतीही अगदीच निराधार नाही. पण याचा उपाय न विचारणं हा नाही. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या महिन्यात, किती खोल, कुठल्या हत्याराने, खड्डा कसा बुजवणार, ओळख पटेल अशी वस्तू निघाली तर काय करणार, एवढं लिहून दिलं की वाचणाऱ्याला विचार करावाच लागतो. आम्ही तसं पत्र लिहिलं, आणि त्यात तार तुटल्याची हकिकतही घातली. ती बाईंकडून कळण्यापेक्षा आमच्याकडून कळलेली बरी.

उत्तर यायला वेळ लागला. ट्री लॉनमध्ये आणि फुटपाथच्या आतल्या कडेला खणायला नकार. त्यासाठी खोदकामाचा परवाना लागतो आणि तो अनामत भरणाऱ्या ठेकेदारांसाठी असतो. कारणांत झाडांचाही उल्लेख होता. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ पहिल्यांदा सापडलेल्या हिरव्या भुंग्याने या भागातली ॲशची झाडं संपवली. त्यांच्या जागी लावलेल्या नव्या रोपांची मुळं वरच्या थरात आहेत. मशीन फिरवायला आणि पृष्ठभागावरची वस्तू उचलायला हरकत नाही. आणि शेवटी एक ओळ: त्या वर्षीच्या फुटपाथ दुरुस्तीत जिथे लाद्या काढल्या जातील तिथे ठेकेदाराची संमती असेल तर शहराची हरकत नाही.

शेवटची ओळ मित्राने पत्र न लिहिता कधीच मिळवली नसती.

एक गोष्ट पत्रात आम्ही विचारली नाही, पण ती सगळ्यांना लागू आहे. खणण्यापूर्वी, जमिनीखालच्या वाहिन्या कुठे आहेत ते दाखवून घ्यायला, ८११ ला फोन करायचा असतो. २००७ पासून हा नंबर देशभर चालतो. ओहायोच्या कायद्यात हाताच्या अवजारांनी केलेलं खोदकामही मोडतं आणि निदान ४८ तास आधी कळवावं लागतं. मग गवतावर रंग उमटतात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, केशरी टेलिफोन आणि केबल, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. चार इंच खणणारे बहुतेक छंदी हा फोन करत नाहीत. पण या प्रकरणात केला असता तरी तार वाचली नसती, कारण ८११ वाले खासगी वाहिन्या दाखवत नाहीत. कुत्र्याचं कुंपण, लॉनच्या फवाऱ्याचे पाइप, अंगणातल्या शेगडीची गॅसवाहिनी, हे फक्त घरमालकाला माहीत असतं. त्यामुळे जमीन शहराची असली तरी बेल घरमालकाची वाजवावी लागते. याला मी शिष्टाचार म्हणणार नाही. ती माहिती दुसऱ्या कोणाकडेच नसते.

बाई

शनिवारी सकाळी मित्र त्यांच्याकडे गेला. बरोबर जेल भरलेले, पाणी न शिरणारे जोड घेऊन. तार जोडून दिली, ट्रान्समीटरचा आवाज बंद झाला, कुत्र्याच्या पट्ट्याची चाचणी बाईंनी स्वतः घेतली. खर्च विचारला तर त्या नको म्हणाल्या. त्यांचा राग तारेवर नव्हता. ‘तुम्ही रोज जाता-येता मला हात करायचात,’ त्या म्हणाल्या, ‘पण माझ्या खिडकीसमोर वाकून काय शोधताय ते कधी सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही, कारण मला भीती वाटली.’

हे ऐकून मित्र पहिल्यांदा खरोखर ओशाळला. कानाला हेडफोन, हातात खुरपं, अंधार पडायला आलेला, आणि सगळं लक्ष जमिनीत. आपल्याकडून हा छंद असतो, खिडकीतून तो तसा दिसत नाही. आणि आपण गोरे नाही, हेही यात येतंच. ते बोलायला अवघड असलं तरी. काही जण यावर उपाय म्हणून ठेकेदाराचं चमकतं जाकीट घालतात म्हणजे कोणी विचारत नाही. मला ते मुळीच पटत नाही. ते जाकीट ‘मी शहराचा माणूस आहे’ असं न बोलता सांगतं, आणि पकडलं गेल्यावर परत विश्वास मिळत नाही.

खणण्याची रीतही इथेच सांगायला हवी. गवताची चकती पूर्ण गोल कापायची नाही. एक बाजू जोडलेली ठेवून दाराच्या फळीसारखी उलटायची, म्हणजे मुळं जगतात. माती कापडावर काढायची आणि तशीच परत ओतायची. आधी पिनपॉइंटरने (हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने) जागा नक्की करायची, नाहीतर खड्डा उगाच रुंद होतो. कचरा निघाला तर तो खिशात, परत खड्ड्यात नाही. आणि जुलै-ऑगस्टच्या कोरड्या हवेत दुसऱ्याच्या गवताला हातच लावायचा नाही, कितीही कौशल्य असलं तरी. ओहायोत पाऊस पडून गेल्यावरचा ऑक्टोबर यासाठी चांगला. मित्राला हे सगळं माहीत होतं. स्वतःच्या आवारात तो ते पाळत होता.

लाद्यांखाली काय होतं

फुटपाथ दुरुस्तीच्या ठेकेदाराचा मुकादम पहिल्याच भेटीत हो म्हणाला, दोन अटींवर: त्याची माणसं हजर असतानाच यायचं, आणि अडथळ्यांच्या आत शिरायचं नाही, काढून बाजूला टाकलेल्या मातीच्या ढिगावर मशीन फिरवायचं. जेवणाच्या सुट्टीत मित्र जाऊ लागला.

जुन्या शहरांच्या मध्यवस्तीत लाद्या उचलल्यावर घबाड मिळाल्याच्या गोष्टी आहेत, आणि त्या खोट्या नसाव्यात. तिथे फुटपाथ होण्यापूर्वीही माणसांची वर्दळ होती. या उपनगराच्या जागी लाद्या पडण्याआधी शेतं होती. शेतात कोण नाणी सांडणार? चार इंच जाडीच्या काँक्रीटखाली मिळाले नालाचे खिळे, नांगराच्या फाळाचा एक तुकडा, आणि १९०९ किंवा त्याआधीचा एक इंडियन हेड सेंट, ज्यावरचं वर्ष वाचता येत नव्हतं. एवढ्या पत्रव्यवहाराचं फळ एवढंच. पण लादीखाली काय असेल हे ती लादी कधी पडली आणि त्याआधी तिथे काय होतं यावर ठरतं, हे कळायला ते पुरेसं होतं. परवानगी मागण्यापूर्वी जुने नकाशे पाहिले असते तर तो सर्व्हिस डिपार्टमेंटकडे गेलाच नसता.

बाईंना मी तारेबद्दल सांगितलं, त्यांची चूक म्हणून नाही तर लाद्या बदलणारे लोक पुढच्या वर्षी त्यांच्या घरापर्यंत येतील म्हणून. शहराच्या हद्दीतली, कुठेच नोंद नसलेली तार ठेकेदाराच्या यंत्राने तुटली तर भरपाई मिळणं अवघड. त्यांनी ती दोन फूट आत घेतली.

सापडलेलं कोणाचं

सेंट मुकादमाने मित्रालाच ठेवायला सांगितला, शहरानेही त्यात रस दाखवला नाही. काटेकोर बोलायचं तर तो मित्राचा नसावा. अमेरिकन न्यायालयं ‘हरवलेलं’, ‘ठेवून विसरलेलं’, ‘टाकून दिलेलं’ असे भेद करतात, आणि जमिनीत रुतलेली वस्तू बहुधा जमिनीच्या मालकाची मानली जाते. आयडाहोत एका शेतमालकाच्या जागेत रस्ता बांधताना कामगारांना सोन्याची ९६ नाणी सापडली. २००१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती मालकाची ठरवली, शोधणाऱ्यांची नाही. न्यूयॉर्क राज्यात वीस डॉलर किंवा जास्त किमतीची सापडलेली वस्तू मालकाला परत करावी लागते, नाहीतर दहा दिवसांत पोलिसांकडे द्यावी लागते. एका सेंटवरून कोणी भांडत नाही, पण सोन्याची अंगठी निघाली तर हे प्रश्न त्याच संध्याकाळी उभे राहतात.

मित्राचा साताऱ्यातला चुलतभाऊ हे ऐकून मशीन मागवायला निघाला होता. त्याला आम्ही १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा वाचायला दिला. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर कलेक्टरला लेखी कळवायचं, असं तो सांगतो. दहा रुपयांचा हा आकडा अजून कायद्यात आहे तसाच आहे. चुलतभावाने बेत सोडला.

मित्र आता फुटपाथच्या वाटेला जात नाही. जुन्या घरांची दारं वाजवतो. मालक एक, होकार एक, आणि तो लेखी. त्याने एका पानाचा कागद केला आहे: कुठे खणायचं, जमिनीखाली काय काय पुरलेलं आहे, आणि निघालेल्या वस्तूंची वाटणी. नाणी निम्मी-निम्मी, नाव किंवा आद्याक्षरं कोरलेली कोणतीही वस्तू आधी मालकाला. परवा एका गृहस्थांनी सही करण्यापूर्वी विचारलं, ‘आणि माझ्या आधी इथे राहणाऱ्यांची काही वस्तू निघाली तर?’ त्या ओळीवर अजून त्यांचं एकमत व्हायचं आहे.